तीव्र अ‍ॅलर्जी असलेलं मूल, शाळा आणि वाढदिवस: नागपुरातल्या एका आईला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. शेंगदाणा आणि काजू या दोन्हींची अ‍ॅलर्जी चाचणीतही दिसली आणि अनुभवातही. गेल्या महिन्यात वर्धा रोडवरच्या एका हॉलमध्ये मित्राच्या वाढदिवसाला त्याने पनीरच्या भाजीचे दोन घास खाल्ले. दहा मिनिटांत उलटी, अंगभर पित्त, मग खोकला. तुम्ही पर्समधलं अ‍ॅलर्जीचं सिरप दिलं, जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे एक इंजेक्शन मिळालं आणि तासाभरात घरी पाठवलं. आता शाळा म्हणते, असलं औषध आम्ही ठेवणार नाही. सासूबाई म्हणतात, रोज चिमूटभर कूट दिला की सवय होईल. आणि तुम्ही विचारता, तो मोठा होईपर्यंत वाढदिवस, तान्हा पोळा (लाकडी नंदी घेऊन फिरायचा मुलांचा सण), सगळंच बंद करावं का?

बंद करू नका. पण तुमचं पत्र वाचताना मला धडकी भरली ती पनीरच्या भाजीने नाही, पर्समधल्या सिरपने.

जो चालत नाही हे माहीत आहे तो पदार्थ पोटात गेल्यावर काही मिनिटांत उलटी, पित्त आणि खोकला एकदम सुरू झाला, तर त्याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. त्याचं पहिलं औषध एकच आहे: अ‍ॅड्रिनलिन, मांडीच्या मधोमध, बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. सिरपने खाज कमी होते, पित्त बसतं. सुजणारा घसा, आवळत जाणाऱ्या श्वासनलिका आणि उतरणारा रक्तदाब यांना ते रोखू शकत नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा परिणाम दिसायला काही तास लागतात. सिरपचा खरा धोका असा की अंग साफ दिसू लागतं आणि घरचे निर्धास्त होतात.

मी मुलांची डॉक्टर म्हणून नागपुरात तेवीस वर्षं काम करते आहे. काही वर्षांपूर्वी एका मुलीला माझ्याकडे आणलं. चिक्कीचा तुकडा खाऊन पाऊण तास झाला होता. वाटेत एका दवाखान्यात तिला अ‍ॅव्हिल हे खाज-पित्ताचं इंजेक्शन आणि स्टेरॉइड देऊन बाहेर बाकावर बसवलं होतं. वडील म्हणाले, "मॅडम, आधी लय खाजवून राहिली होती, मग शांत झाली. आम्हाला वाटलं झोप येऊन राहिली." ती झोप नव्हती, रक्तदाब गेला होता. अ‍ॅड्रिनलिनचे दोन डोस, ऑक्सिजन, सलाईन, आणि ती परत आली. वीस-पंचवीस रुपयांच्या आसपास मिळणारं हे औषध त्या पहिल्या दवाखान्याच्या ट्रेमध्ये असणारच. कमी पडलं ते औषध नाही, ते वेळेवर हातात घेण्याची तयारी.

ही भीती मला समजते. अ‍ॅड्रिनलिन म्हटलं की हृदय बंद पडल्यावर द्यायचं औषध, असं आपल्या डोक्यात बसलं आहे. योग्य डोस स्नायूत दिला तर मुलाचं हृदय धडधडतं, हात थरथरतात, चेहरा पांढरा पडतो, आणि थोड्या वेळात ते ओसरतं. गंभीर चुका होतात त्या बहुधा हे औषध घाईत शिरेतून दिल्यामुळे. शंका आली तर देऊन टाकलेलं बरं. विनाकारण दिलं गेलं तरी सुदृढ मुलाला त्याने इजा होण्याची शक्यता फारच कमी असते. उशिरा दिलं तर काय होतं, ते मी पाहिलं आहे.

आता तुमच्या हातात काय असायला हवं ते सांगते. परदेशात पेनसारखं तयार इंजेक्शन मिळतं, तसं आपल्याकडे औषधाच्या दुकानात सहज मिळत नाही. आपल्याकडे मिळतं ते काचेचं अ‍ॅम्प्यूल, एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम. डोस वजनावर ठरतो: दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे २० किलोच्या मुलाला ०.२ मिलिलिटर. लहान मुलांत एका वेळी ०.३ च्या वर जात नाहीत. सिरिंज एक मिलिलिटरची, सुई एक इंचाची. इन्सुलिनची सिरिंज सोयीची वाटते म्हणून बरेच जण तीच ठेवतात, पण तिची सुई इतकी आखूड असते की औषध कातडीखालीच राहतं. डबीत दोन अ‍ॅम्प्यूल आणि दोन सिरिंज हव्यात, कारण पाच मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरा डोस द्यावा लागतो. हे सगळं तुमच्या डॉक्टरांकडून सही-शिक्क्यासह लिहून घ्या. डोस त्यांनी ठरवावा, माझ्या उत्तरावरून नाही.

अडचण अशी की अ‍ॅम्प्यूल फोडून, हवा न घेता, नेमकं ०.२ भरणं हे घाबरलेल्या आईचं काम नाही. पालकांना हे करायला सांगून वेळ मोजणारा एक अभ्यास झाला आहे. सरासरी दोन मिनिटांहून जास्त वेळ लागला, आणि भरलेला डोस कुणाचा किती, याला धरबंध नव्हता. म्हणून दोन उपाय. पहिला, डॉक्टरांकडून आधीच भरलेली सिरिंज घ्या, डोसच्या रेषेवर रंगीत पट्टी लावा, प्रकाश लागणार नाही अशा घट्ट डबीत ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी न चुकता बदला. दुसरा, सराव. साधं पाणी भरून संत्र्यावर टोचायचं. संत्र्याची साल सुईला साधारण कातडीसारखी लागते, आमच्या नर्स मुलीही त्यावरच शिकतात. आत्ता संत्री नसतील तर मोसंबी घ्या. तुम्ही, बाबा, आजी-आजोबा, आणि हो, वर्गशिक्षिकासुद्धा. चारदा टोचलं की हात थरथरायचा थांबतो.

नागपूरच्या उन्हाचं वेगळं सांगायला हवं. औषध २५ अंशांच्या खाली ठेवा असं वेष्टनावर लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. बंद कारच्या डॅशबोर्डवर, स्कूटीच्या डिकीत, व्हॅनच्या टपावर टाकलेल्या दप्तरात ते ठेवू नका. फ्रीजरमध्ये किंवा थेट बर्फावरही नको, गोठलेलं औषध वाया जातं. रुंद तोंडाचा छोटा रिकामा थर्मास किंवा दोन थरांची कापडी पिशवी पुरते. काचेतून पाहिलं तर द्रव पाण्यासारखा हवा. गुलाबी किंवा तपकिरी झाला की फेकून द्या.

शाळेशी बोलताना बहुतेक पालक "शाळेत शेंगदाणे बंद करा" इथून सुरुवात करतात आणि तिथेच बोलणं फिसकटतं. उपासाची खिचडी, चिवडा, चटणी, कोशिंबीर: आपल्या डब्यातून दाणे हद्दपार करणं कुणालाच जमणार नाही. आणि जमलं असं मानलं तर आणखी वाईट, कारण मग सगळे गाफील होतात. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने शाळांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत सरसकट बंदीपेक्षा शिक्षकांचं प्रशिक्षण आणि शाळेत अ‍ॅड्रिनलिन असणं यांवर भर आहे. माझा अनुभवही तोच.

तेव्हा मुख्याध्यापकांकडे तीन गोष्टी मागा. मुलाचा फोटो, काय चालत नाही, लक्षणं काय, डोस किती, कुणाला फोन करायचा, हे एका पानावर लिहिलेला कागद, डॉक्टरांच्या सहीचा. तो शिक्षकांच्या खोलीत भिंतीवर हवा, फाइलमध्ये नाही. दुसरी, औषधाची डबी वर्गाजवळ, बिनकुलपाच्या जागी. एका शाळेत डबी ऑफिसच्या कपाटात आणि किल्ली रजेवर गेलेल्या क्लार्ककडे, असं मी पाहिलं आहे. तिसरी, किमान तीन माणसं ठरलेली: वर्गशिक्षिका, खेळाचे सर, आणि वर्गाबाहेर बसणाऱ्या मावशी. मावशींना विसरू नका. मूल बाथरूममध्ये ओकतंय हे सगळ्यांत आधी त्यांना कळतं.

शाळा नकार देते तेव्हा त्यामागे बहुधा भीती असते: उद्या काही झालं तर आमच्यावर येईल. त्यांना दोन गोष्टी द्या. पालकांचं लेखी संमतिपत्र आणि डॉक्टरांचं लेखी पत्र. मग म्हणा, "मॅडम, मी येते, अर्धा तास द्या, मोसंबी मी आणते." मी स्वतः शाळांमध्ये जाऊन हे केलं आहे. हाताने एकदा टोचून पाहिल्यावर नकाराचा सूर बदलतो. एवढं करूनही शाळा टोचायला तयार नसेल, तर शाळेत पाच मिनिटांत पोहोचू शकेल असा माणूस नेमा आणि शाळा बदलण्याचा विचार गंभीरपणे करा. मी हे सहजासहजी सुचवत नाही.

आणि एक गोष्ट त्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा: मुलाला चालवू नका. त्रास सुरू झाला की आपण मुलाचा हात धरून ऑफिसकडे, नळाकडे, गाडीकडे नेतो. रक्तदाब उतरत असताना उभं राहिलं किंवा एकदम उठून बसलं, तर हृदयाकडे परतणारं रक्त तुटतं आणि मूल क्षणात कोसळू शकतं. जिथे आहे तिथेच आडवं, पाय थोडे वर. श्वास लागत असेल तर टेकून बसवा, उलटी होत असेल तर कुशीवर. औषध घेऊन धावायचं ते मोठ्यांनी. आधी इंजेक्शन, मग १०८, मग तुम्हाला फोन, याच क्रमाने. तुमचा फोन लागण्याची वाट पाहण्यात जाणारी दहा मिनिटं त्या मुलाची असतात.

कुठे न्यायचं हेही आजच ठरवा. मेडिकल किंवा मेयो ही सरकारी रुग्णालयं, मिहानमधलं एम्स, किंवा घराजवळचं असं रुग्णालय जिथे रात्रीही कॅज्युअल्टी आणि मुलांचा अतिदक्षता विभाग चालू असतो. एकदा संध्याकाळच्या गर्दीत गाडीने जाऊन पाहा. तुमच्या मुलाला तासाभरात घरी पाठवलं ते लवकर झालं. काही मुलांत बरं वाटल्यावर काही तासांनी तोच त्रास पुन्हा उसळतो, म्हणून किमान चार ते सहा तास नजरेखाली ठेवायचं असतं. पहिला झटका जोराचा असेल किंवा दमा असेल तर आणखी जास्त. दम्यावरून आठवलं: तो असेल तर पंप नियमित हवा. आटोक्यात नसलेला दमा आणि अन्नाची अ‍ॅलर्जी ही जोडी सर्वांत घातक.

आता पनीरची भाजी. हॉलच्या स्वयंपाक्याला तुम्ही विचारलं होतं, "यात शेंगदाणे किंवा काजू आहेत का?" आणि तो "नाही" म्हणाला. मला वाटत नाही की तो खोटं बोलला. त्याने ग्रेव्हीची तयार पेस्ट डब्यातून काढली, आणि त्याच्या लेखी काजू म्हणजे वरून पेरलेले अख्खे काजू. आपल्याकडे शब्दांचाही घोळ आहे. तुम्ही पुण्याच्या माहेरच्या, शेंगदाणे म्हणता. इथल्या स्वयंपाक्याच्या तोंडी फल्ली, हिंदी बोलणाऱ्याच्या तोंडी मूंगफली. त्यामुळे "आहे का" असं विचारू नका, "कसं केलं ते सांगा" असं विचारा. ग्रेव्ही कशाने घट्ट केली? वाटण कशाचं? तेल कुठलं? याच कढईत आधी काय तळलं? तेलाचा प्रश्न फालतू नाही. रिफाइंड फल्ली तेलात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत, पण सध्या आवडीने आणलं जाणारं लाकडी घाण्याचं तेल तसं नसतं.

काजूची अ‍ॅलर्जी आहे म्हणजे पिस्ताही बंद, कारण दोघांची प्रथिनं फार सारखी. चारोळी त्याच कुळातली, म्हणून श्रीखंड, बर्फी आणि सांबारवडीचं सारण चौकशीशिवाय नको. त्या सारणात कुणी दाणेही घालतात. आंबासुद्धा त्याच कुळातला, पण त्याचा गर बहुतेक मुलांना चालतो. तो घाबरून सोडू नका. सावजी मसाला घरागणिक वेगळा आणि गुपित, तेव्हा बाहेरचा रस्सा नकोच. पाकिटावरचं लेबल मात्र वाचण्यासारखं असतं: २०२० च्या नियमांनुसार शेंगदाणा, सुकामेवा, दूध, अंडी, सोया, मासे, ग्लूटेनची धान्यं यांचा उल्लेख करावाच लागतो. तीळ आपल्या यादीत नाही, अमेरिकेने तो जानेवारी २०२३ पासून घेतला. तिळाची अ‍ॅलर्जी असलेल्या घरांनी संक्रांत आणि बोरन्हाण आलं की हे लक्षात ठेवावं. सुट्या फरसाणाला तर लेबलच नसतं.

उलट बाजूही सांगते, कारण भीती पसरली की ती थांबत नाही. दुसऱ्याच्या डब्यातल्या खिचडीच्या वासाने किंवा शेजारी बसल्याने अ‍ॅनाफिलॅक्सिस होणं अतिशय दुर्मीळ. म्हणून त्याला वेगळ्या बाकावर, वेगळ्या खोलीत बसवू देऊ नका. माझा एक छोटा रुग्ण म्हणाला होता, "मला अ‍ॅलर्जी चालते, पण एकटं बसणं नाही चालत." डब्याच्या सुट्टीआधी आणि नंतर सगळ्या वर्गाने साबणाने हात धुवावेत, एवढं पुरे. सॅनिटायझरने शेंगदाण्याचं प्रथिन हातावरून जात नाही, ते फक्त पसरतं. आणि कुणी गंमत म्हणून त्याच्या बाकावर चिक्की ठेवली, तर ती गंमत नाही, हे शाळेने त्याच दिवशी त्या मुलाच्या घरी सांगितलं पाहिजे.

तशीच ती चाळीस-चाळीस पदार्थांची रक्ततपासणी. पॉझिटिव्ह आलं म्हणजे अ‍ॅलर्जी असतेच असं नाही. चणा पॉझिटिव्ह आला म्हणून एका मुलाचे तर्री पोहे, बेसन, पुरणपोळी दीड वर्ष बंद होतं. तो ते सगळं आधी मजेत खात होता आणि आताही खातो.

सासूबाईंचं म्हणणं हवेतून आलेलं नाही, म्हणून त्यांना झिडकारू नका. २०१५ मध्ये एक मोठा अभ्यास आला. ज्या बाळांना शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचा धोका जास्त, त्यांना पहिल्या वर्षातच नियमित शेंगदाणा खाऊ घातला तर पुढे अ‍ॅलर्जीचं प्रमाण फार खाली आलं. पण ते अ‍ॅलर्जी व्हायच्या आधी. झाल्यावरही थोड्या थोड्या मात्रेने सवय लावण्याचे उपचार आहेत, मिलिग्रॅममध्ये मोजून, दवाखान्यात, अ‍ॅड्रिनलिन हाताशी ठेवून. घरच्या चिमटीत ते मोजमाप नसतं. आजींना हे असं समजावून सांगा: तुमची कल्पना बरोबर आहे, जागा चुकीची आहे. मग त्यांनाच डबीची जबाबदारी द्या. माझ्या पाहण्यात ज्या घरात आजी टोचायला शिकली, त्या घरात पुन्हा कुणी "काही होत नाही बाप्पा" म्हटलं नाही. शिवाय दर एक-दोन वर्षांनी तज्ज्ञांकडून फेरतपासणी करून घ्या. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी साधारण पाचातल्या एका मुलाची जाते. काजूची त्याहून कमी.

वाढदिवसाला जाताना त्याचा डबा पोटभर असू द्या, आणि तो यजमान आईला आधीच सांगून न्या, म्हणजे तिला अपमान वाटत नाही. केकचा तुकडाही घरून. रिटर्न गिफ्टची पिशवी घरी येऊन उघडायची, हा नियम मुलं पटकन पाळतात. तुम्ही थांबा. या वयात मुलाला सोडून जाऊ नका, आणि डबी गाडीत नाही, खांद्यावरच्या पिशवीत. सगळ्यांत कठीण असतो प्रसाद. गणपतीत पाच घरी आरती आणि प्रत्येक ठिकाणी खिरापत. "प्रसादाला नाही म्हणू नये" हे त्याच्या कानावर सतत पडतं. त्याला शिकवा: हातावर घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि आईच्या रुमालात ठेवायचा. मग हात साबणाने धुवायचे आणि स्वतःच्या खिशातली खडीसाखर तोंडात टाकायची. देवाचाही मान राहतो.

आणि त्याला त्याचे शब्द द्या. सात वर्षांचं मूल "घसा सुजतोय" म्हणत नाही. "जीभ टोचते", "तोंडात केस गेला", "पोटात कसंतरी होतंय" असं म्हणतं, किंवा काहीच न बोलता चिडचिड करून आडवं होतं. काही मुलांच्या अंगावर पित्त उठतच नाही, म्हणून कातडी साफ आहे यावर विसंबू नका. "मला फल्ली चालत नाही, मुझे मूंगफली नहीं चलती, मला आत्ता बरं वाटत नाही, मोठ्यांना बोलवा", ही चार वाक्यं दोन्ही भाषांत त्याला पाठ हवीत, लाज न वाटता मोठ्याने म्हणता येतील अशी.

तान्ह्या पोळ्याला त्याला पाठवा. नंदी सजवू द्या, दारोदार फिरू द्या, बोजारा (घरोघरी मिळणारी भेट) घेऊ द्या. बाबांनी बरोबर जावं, बोजाऱ्यातला खाऊ एका पिशवीत जमा करावा आणि घरी आल्यावर चालेल तेवढा वेगळा करून बाकीचा वाटून टाकावा. त्याआधी त्याचं वजन करून घ्या. तुम्ही लिहिलेलं १९ किलो गेल्या वर्षीच्या कार्डावरचं आहे, आणि या वयात वर्षाकाठी दोन-तीन किलो वाढतात. नवं वजन घेऊन या आठवड्यात तुमच्या डॉक्टरांकडे जा, डोस लिहून घ्या, दोन डब्या भरून घ्या: एक शाळेची, एक तुमच्या पिशवीची. डबीच्या झाकणावर बदलायची तारीख लिहा.